‘विलंब’ की ‘अनुशेष’? : जालना जिल्ह्यातील स्त्रिया आणि स्तनकर्करोगाच्या प्रगत अवस्थेची परिभाषा

प्रस्तावना

विकसनशील देशांतील स्तनकर्करोगाविषयी गेल्या काही दशकांत जे शोधनिबंध, अहवाल आणि प्रबंध लिहिले गेले, त्यांत एक विधान थोड्याफार फरकाने सर्वत्र आढळते. अज्ञान, संकोच आणि दारिद्र्य यांमुळे स्त्रिया उपचारासाठी उशिरा येतात व परिणामी बहुसंख्य रुग्णांचा रोग प्रगत अवस्थेत निदानास येतो, अशा आशयाचे हे विधान असते. ते इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, आता ते सिद्ध करण्याची कोणास गरज वाटत नाही. संशोधनाचा तो निष्कर्ष राहिलेला नसून आरंभबिंदू झाला आहे. ज्या विधानापासून आरंभ होतो त्याची तपासणी सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात या विधानातील ‘प्रगत’, ‘विलंब’ आणि ‘अज्ञान’ या तीन शब्दांची समीक्षा केली आहे. ही समीक्षा जालना जिल्ह्याच्या संदर्भात केल्यास काय दिसते, याचाही विचार येथे अभिप्रेत आहे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्याचा पूर्वभाग आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका मिळून तो बनला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ असून तीपैकी सुमारे चार पंचमांश लोक खेड्यांत राहतात. बियाणे उद्योग, पोलाद आणि मोसंबी यांसाठी जालन्याचे नाव घेतले जाते; परंतु जिल्ह्याचा मोठा भाग कोरडवाहू आहे, आणि अंबड, घनसावंगी यांसारख्या तालुक्यांतून ऊसतोडणीसाठी दरवर्षी स्थलांतर होते. ‘विकसनशील देशातील स्त्री’ ही संज्ञा शोधनिबंधात वाचताना जी स्त्री डोळ्यांपुढे यावयास हवी, ती अशा जिल्ह्यात राहते. म्हणून परिभाषेची कसोटीही येथेच लावणे युक्त ठरते.

‘प्रगत’ या शब्दाविषयी

मराठीत ‘प्रगत’ हा गौरवाचा शब्द आहे. प्रगत देश, प्रगत शेती, प्रगत तंत्रज्ञान असे आपण म्हणतो. इंग्रजी वैद्यकीय संज्ञेचा हा शब्दशः अनुवाद रोगाला लावला, की ‘विकसनशील देशातील प्रगत कर्करोग’ असा विचित्र शब्दप्रयोग तयार होतो. देश मागे आणि रोग पुढे, असा त्याचा अर्थ होतो. बोलभाषेत यासाठी ‘बळावणे’ हे अचूक क्रियापद आहे. ‘रोग बळावला’ असे म्हणताना रोगाचे बळ वाढले आणि शरीराचे घटले, हे दोन्ही एकदम सांगितले जाते. पारिभाषिक शब्दाने अचूकता मिळवली, पण हा दुसरा अर्थ गमावला.

तथापि आक्षेप केवळ अनुवादापुरता नाही. या संकल्पनेचा उगम पाहिला तर ती मुळात शल्यचिकित्सकाच्या मर्यादेची नोंद होती, असे दिसते. हागेनसेन आणि स्टाउट या न्यूयॉर्कमधील दोन वैद्यकांनी १९४३ मध्ये काही लक्षणांची यादी मांडली. त्वचेवर पसरलेली सूज, व्रण, छातीच्या भिंतीस चिकटलेली गाठ, काखेतील एकमेकींना चिकटलेल्या ग्रंथी अशी लक्षणे असतील, तर शस्त्रक्रियेने रोग बरा होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे शस्त्रक्रियेपूर्वी रसायनोपचार देण्याची पद्धत रूढ झाली आणि अशा अनेक रुग्णांवर उपचार शक्य झाले. आजच्या वर्गीकरणातील तिसरी अवस्था, म्हणजे स्थानिकदृष्ट्या बळावलेला परंतु दूरच्या अवयवांत न पोचलेला रोग, आणि चौथी अवस्था, म्हणजे हाडे, फुफ्फुस, यकृत किंवा मेंदू यांत पसरलेला रोग, या दोहोंतील अंतर रुग्णाच्या दृष्टीने फार मोठे आहे. पहिलीत रोग बरा करण्याच्या हेतूने उपचार होतो. दुसरीत आयुष्य वाढविणे व यातना कमी करणे हे उद्दिष्ट असते. सरसकट ‘प्रगत’ म्हटले की हे अंतर पुसले जाते, आणि ‘आता काय उपयोग?’ हा निराशेचा सूर तिसऱ्या अवस्थेतील स्त्रीच्याही वाट्यास येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अवस्था ही रोगाच्या विस्ताराचे माप आहे, काळाचे नव्हे. मंदगतीने वाढणारी गाठ दोन वर्षांनीही लहान असू शकते, आणि आक्रमक स्वरूपाची गाठ काही महिन्यांत त्वचेपर्यंत पोचू शकते. संप्रेरकांना व प्रथिनाधारित उपचारांना प्रतिसाद न देणारा, तीनही चाचण्या नकारार्थी येणारा प्रकार भारतीय रुग्णांत पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो. तेव्हा ‘रोग प्रगत आहे’ या निरीक्षणावरून ‘स्त्री उशिरा आली’ असे अनुमान काढणे हा तर्कदोष आहे. विस्तारावरून काळ आणि काळावरून वर्तन, अशा दोन उड्या त्यात आहेत.

‘विलंब’ : एका संज्ञेचा इतिहास

कर्करोगाच्या संदर्भात विलंबाची संज्ञा रूढ करणारा महत्त्वाचा निबंध पॅक आणि गॅलो यांनी १९३८ मध्ये लिहिला. लक्षण जाणवल्यापासून तीन महिने किंवा अधिक काळ रुग्णाने सल्ला घेतला नाही, तर तो रुग्णाचा विलंब. आणि सल्ला घेतल्यानंतर एक महिना किंवा अधिक काळ योग्य कार्यवाही झाली नाही, तर तो वैद्यकाचा विलंब, अशी विभागणी त्यांनी केली. त्या निबंधाच्या शीर्षकातच दोषपात्रतेचा उल्लेख आहे, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. म्हणजे विलंब मोजण्यामागे आरंभापासून ‘दोष कोणाचा?’ हा प्रश्न होता. पुढील काळात तीन महिन्यांची मर्यादा टिकली आणि वैद्यकाचा महिना मात्र पुष्कळदा विस्मरणात गेला.

विलंब निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. रिचर्ड्‌स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ८७ अभ्यासांतील एक लाखाहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली. तीन महिने किंवा अधिक विलंब झालेल्या स्त्रियांमध्ये पाच वर्षे जगण्याचे प्रमाण १२ टक्क्यांनी कमी आढळले. काळाला किंमत आहे, हे यावरून निर्विवाद ठरते. वाद आहे तो त्या काळाचा धनी कोण, याविषयी.

आरोग्यशास्त्राच्याच दुसऱ्या एका शाखेत या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या रीतीने शोधले गेले. थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात ‘तीन विलंबां’ची मांडणी केली. निर्णय घेण्यातील, पोचण्यातील आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातील असे ते तीन विलंब होत. या मांडणीत निर्णयाचा विलंबही स्वतंत्र उरत नाही. रुग्णालय दूर आहे आणि तेथे गेल्यावर कोणी भेटेल याची खात्री नाही, हे ज्या घराला ठाऊक असते, ते घर निर्णयच उशिरा घेते. पुढच्या दोन विलंबांची सावली पहिल्यावर पडलेली असते. मातामृत्यूंच्या क्षेत्रात ही मांडणी धोरणाचा पाया बनली. स्तनकर्करोगाच्या लेखनात मात्र ‘रुग्णाचा विलंब’ हाच प्रमुख कर्ता राहिला.

‘अज्ञान’ आणि ‘संकोच’

वरील भेदाचा पडताळा मराठवाड्यातच मिळतो. बाळंतपण घरी होणे ही येथील रूढी आहे, स्त्रिया लाजेमुळे दवाखान्यात येत नाहीत, असे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सर्रास म्हटले जाई. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, जननी सुरक्षा योजना आली, गावोगावी आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने मोफत वाहन, औषधे आणि आहार यांची हमी दिली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के झाले. घरे, सासवा आणि संकोच सारे पूर्वीचेच होते; बदलली ती दारापासून खाटेपर्यंतची व्यवस्था. संकोच हे खरोखरच दुर्लंघ्य कारण असते, तर तो प्रसूतीच्या वेळीही आडवा आला असता.

त्याच २०१९-२१ च्या पाहणीत देशातील ३० ते ४९ वयोगटातील ज्या स्त्रियांची एकदा तरी स्तनतपासणी झाली होती, त्यांचे प्रमाण ०.९ टक्के होते. हे प्रमाण शंभरात एकही नाही. एखाद्या सेवेचा लाभ शंभरांपैकी नव्व्याण्णवांना मिळत नसेल, तर त्याचे कारण नव्व्याण्णव जणींच्या स्वभावात शोधणे शास्त्रीय म्हणता येणार नाही.

‘अज्ञान’ या शब्दाचीही अशीच फोड करावी लागते. मराठीत ‘दुखणे’ म्हणजे वेदना आणि ‘दुखणे’ म्हणजेच आजार. स्तनातील कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. जे दुखत नाही ते या भाषेत दुखणेच ठरत नाही. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला तर ती दुधाची गाठ वाटण्याचा संभव अधिक. तेव्हा ‘तिने दुखणे अंगावर काढले’ हा आरोप भाषेच्याच दृष्टीने चुकीचा आहे. तिच्या लेखी अंगावर काढण्याजोगे काही नव्हतेच. शिवाय ‘अंगावर काढणे’ या वाक्प्रचाराचे मूल्यही दुहेरी आहे. घरासाठी खपणाऱ्या बाईने ताप अंगावर काढला, तर समाज तिची सोशिकता वाखाणतो. गाठ बळावल्यावर तोच वाक्प्रचार तिच्या निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून वापरला जातो. प्रश्नावलीत ‘माहिती नाही’ या रकान्यात खूण करून संशोधक ज्या गोष्टीस अज्ञान म्हणतो, ती पुष्कळदा वेदनेला आजाराची खूण मानणारी, अनुभवावर उभी असलेली माहिती असते. ती अपुरी आहे. पण ती पोकळी नव्हे. तिच्या जागी दुसरी माहिती द्यावयाची तर ‘न दुखणारी गाठच आधी दाखवावी’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे.

अनुभवाच्या मर्यादेचे गणितही ध्यानात घेणे आवश्यक आहे. ग्रामीण भागात स्तनकर्करोगाचे प्रमाण महानगरांपेक्षा बरेच कमी असते. लवकर व अधिक बाळंतपणे आणि दीर्घकाळ स्तनपान ही त्याची ज्ञात कारणे होत. केवळ प्रमाणाची कल्पना यावी म्हणून दर लाख स्त्रियांमागे वर्षाला १० ते १५ नवे रुग्ण असे गृहीत धरले, तर २०११ च्या जनगणनेतील जिल्ह्याच्या सुमारे ९ लाख ४७ हजार स्त्रियांमागे वर्षाकाठी ९५ ते १४० रुग्ण होतात. परंतु दीड हजार वस्तीच्या एका खेड्यात नवा रुग्ण नऊ ते चौदा वर्षांतून एकदा आढळेल. त्या खेड्यातील स्त्रीने लवकर निदान होऊन बरी झालेली बाई पाहिलेलीच नसते. तिने पाहिलेली एखादीच असते आणि बहुधा ती वाचलेली नसते. आशा कार्यकर्तीची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील नव्या वैद्यकीय अधिकाऱ्याचीही स्थिती याहून फार वेगळी नाही. अज्ञान असेलच, तर ते विरळ रोगाविषयीचे, सर्वांना समान असे अज्ञान आहे.

दारापासून खाटेपर्यंतची वाट

जालना जिल्ह्यातील स्त्रीने गाठ दाखविण्याचे ठरविले, तर पुढे काय होते, हे क्रमाने पाहणे उद्बोधक ठरते. पहिला सल्ला बहुधा गावातील किंवा बाजाराच्या गावच्या खासगी डॉक्टरचा असतो. त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जालन्याचे जिल्हा रुग्णालय अशी शासकीय उतरंड आहे. कर्करोगाचे निश्चित निदान गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय होत नाही, आणि योग्य औषध ठरविण्यासाठी त्याच तुकड्यावर संप्रेरकग्राहींच्या चाचण्या कराव्या लागतात. शस्त्रक्रिया, रसायनोपचार आणि किरणोपचार एकत्र मिळण्याचे जवळचे मोठे शासकीय ठिकाण म्हणजे छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचे औरंगाबाद. तेथील ‘घाटी’ या नावाने परिचित असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अखत्यारीत २०१२ मध्ये स्वतंत्र कर्करोग रुग्णालय सुरू झाले. तोपर्यंत मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांसाठी कर्करोग म्हणजे मुंबईचे, १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय असेच समीकरण होते. संभाजीनगरच्या रुग्णालयाने ही वाट निश्चितच जवळ आणली. तरीही मंठा किंवा परतूर तालुक्यातील खेड्यातून एका बाजूचे अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक भरते.

अंतर एकदाच कापावयाचे असते तर प्रश्न सोपा होता. रसायनोपचाराच्या सहा ते आठ मात्रा साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने दिल्या जातात. म्हणजे त्यात चार ते सहा महिने जातात. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, तीन ते पाच आठवडे चालतो. आता याशेजारी ऊसतोड कामगार स्त्रीचे वर्ष ठेवून पाहावे. दिवाळीच्या सुमारास नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून उचल घेऊन निघतात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधल्या काळात खाडा पडला तर उचल फिटत नाही. कार्तिकात हाताला लागलेली गाठ चैत्रात दाखविली, तर पॅक आणि गॅलो यांच्या हिशेबाने तो ‘रुग्णाचा विलंब’ ठरतो. वास्तविक तो कराराचा आणि हंगामाचा विलंब आहे. तीन महिन्यांची मर्यादा ठरविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शहरी रुग्णालयात स्वतः चालत येणारा रुग्ण होता. सहा महिने स्वतःच्या गावात नसणारी स्त्री नव्हती.

आर्थिक साहाय्याच्या बाबतीतही असाच क्रम दिसतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत जालना नव्हते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. या योजनेने कर्करोगाच्या उपचाराचा मोठा भार हलका केला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु उपचाराच्या पूर्वमंजुरीसाठी ऊतकतपासणीचा अहवाल लागतो. योजना रोगाला ओळखते, संशयाला ओळखत नाही. गाठ जाणवण्यापासून अहवाल हाती येईपर्यंतच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा खर्च हा भाग बहुतांशी घरावरच राहतो, आणि अवस्था बदलते ती नेमकी याच काळात.

२०१६ मध्ये केंद्र शासनाने ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडून स्तनतपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ती स्वागतार्ह आहेत. तथापि तपासणीत गाठ सापडल्यावर पुढची वाट जर पूर्वीसारखीच राहिली, तर रोग लवकर सापडेल आणि स्त्री तेवढ्याच उशिरा बरी होऊ लागेल. जालना येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अलीकडेच सुरू झाले आहे. निदानाची कडी जिल्ह्यातच जोडली जाण्याची शक्यता त्यामुळे प्रथमच निर्माण झाली आहे.

कोणाची गणती होते?

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालानुसार रुग्णालयीन नोंदींत स्तनकर्करोगाच्या ५७ टक्के रुग्णांचा रोग निदानसमयी स्थानिक-प्रादेशिक विस्ताराच्या अवस्थेत होता. हा आकडा वारंवार उद्धृत होतो. त्याबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे, या प्रकारात काखेतील ग्रंथींपर्यंत पोचलेला, परंतु सहज बरा होऊ शकणारा रोगही अंतर्भूत असतो. त्यास सरसकट ‘उशीर’ म्हणता येत नाही. दुसरी अधिक गंभीर आहे. ही नोंद रुग्णालयाच्या दारात उभी आहे. जी स्त्री दारापर्यंत पोचलीच नाही, ती छेदातही नाही आणि अंशातही नाही. जालना जिल्ह्याच्या ग्रामीण भागात गेलेल्या अशा स्त्रीच्या मृत्यूची नोंद होते, कारणाची अचूक नोंद होईलच असे नाही. म्हणून ‘उशिरा आलेल्या’ स्त्रियांचे प्रमाण मोजताना आपण प्रत्यक्षात ‘येऊ शकलेल्या’ स्त्रियांचे वर्गीकरण करीत असतो.

मृत्यूंचे प्रमाण हा त्या मानाने अधिक बोलका निकष आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात स्तनकर्करोगाचे १,९२,०२० नवे रुग्ण आणि ९८,३३७ मृत्यू झाले, म्हणजे दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू. जगभरात मिळून हेच प्रमाण सुमारे २३ लाख रुग्णांमागे ६ लाख ७० हजार मृत्यू असे आहे. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण भारतात ६६ टक्के, तर अमेरिकेत ९० टक्के होते. रोग कमी आणि त्या मानाने मृत्यू अधिक, हा विरोधाभास स्त्रियांच्या स्वभावाने स्पष्ट होत नाही.

काही प्रतिउदाहरणे

प्रचलित विधान खरे असते, तर अवस्था बदलण्यासाठी प्रथम स्त्रियांचे शिक्षण, उत्पन्न आणि मनोवृत्ती बदलेपर्यंत थांबावे लागले असते. अनुभव तसा नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीसह परांडा व भूम हे मराठवाड्यातील तालुके तिच्या कक्षेत होते. रुग्णालयात बसून आकडे मिळणार नाहीत, म्हणून कर्मचारी गावोगावी जात, लोकांशी बोलत, लक्षणे सांगत आणि संशयितांना बार्शीच्या रुग्णालयात येण्यास उद्युक्त करीत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण अधिक आरंभीच्या अवस्थेत येऊ लागल्याचे कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. साक्षरता किंवा उत्पन्न एवढ्या अवधीत बदललेले नव्हते. ओळखीचा माणूस आणि ठाऊक असलेले दार मात्र उपलब्ध झाले होते.

मलेशियातील सारवाक या विरळ वस्तीच्या प्रांतात १९९४ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि लोकजागृती एवढ्या साध्या साधनांवर कार्यक्रम सुरू झाला. तिसऱ्या व चौथ्या अवस्थेतील स्तनकर्करोगाचे प्रमाण १९९४ मधील ६० टक्क्यांवरून १९९८ मध्ये ३५ टक्क्यांवर आले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्यांत हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या व चौथ्या अवस्थेचे प्रमाण ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. मृत्यूंतील एकूण १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक ठरली नाही. परंतु ५० वर्षे व त्यापुढील स्त्रियांत ती जवळजवळ ३० टक्के आणि निर्णायक होती. पन्नाशीच्या आतील स्त्रियांना तसा लाभ दिसला नाही. रोगाच्या जैविक स्वभावाला व्यवस्थेच्या सुधारणेची मर्यादा असते, हे या निष्कर्षाने दाखविले आहे. ‘सर्व दोष व्यवस्थेचा’ असे उलट टोक गाठणाऱ्यांनीही त्याची नोंद घ्यावयास हवी.

‘अनुशेष’ ही पर्यायी संज्ञा

सुझान सोंटॅग यांनी १९७८ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात कर्करोगाभोवतीच्या रूपकांची चिकित्सा करताना, रोग्याच्या व्यक्तिमत्त्वातच रोगाचे कारण शोधण्याच्या प्रवृत्तीवर बोट ठेवले. विकसनशील देशांसंबंधीच्या लेखनात व्यक्तिमत्त्वाची जागा ‘संस्कृती’ने घेतली आहे. एका स्त्रीला दोष देणे असभ्य वाटते, म्हणून तिच्या संपूर्ण समाजास अज्ञानी व संकोची ठरविले जाते. निष्कर्ष एकच राहतो की, दुरुस्ती तिच्यातच व्हावयास हवी.

मराठवाड्यातील वाचकांजवळ मात्र या परिस्थितीसाठी एक नेमका शब्द आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाविषयीचा अहवाल दिला, तेव्हापासून ‘अनुशेष’ हा शब्द येथील सार्वजनिक चर्चेत रुजला. राज्याच्या सरासरीपासून एखादा प्रदेश किती मागे आहे आणि ती तूट भरून काढण्यास किती खर्च येईल, याचा हिशेब म्हणजे अनुशेष. सिंचन, रस्ते, शिक्षण यांबरोबर आरोग्यसेवाही त्या हिशेबात होती. ‘विलंब’ म्हटले की कोणीतरी उशीर केला असे सूचित होते आणि बोट व्यक्तीकडे वळते. ‘अनुशेष’ म्हटले की काय द्यावयाचे राहिले, हा प्रश्न उभा राहतो. जालना जिल्ह्यातील स्त्रीच्या शरीरात तिसऱ्या अवस्थेत सापडलेली गाठ ही अंशतः न झालेल्या तपासणीची, न मिळालेल्या वाहनाची आणि उशिरा आलेल्या अहवालाची साठलेली बाकी आहे.

या संज्ञेच्याही मर्यादा आहेत. अनुशेषाचा हिशेब रुपयांत होतो आणि इमारत उभी राहिली की तो भरला असे मानण्याचा मोह होतो. रुग्णालय उभे राहूनही तपासणीसाठी तंत्रज्ञ नसेल, तर बाकी तशीच राहते. जिल्ह्याच्या सरासरीखाली तालुक्याची, आणि घरातील उत्पन्नाच्या सरासरीखाली घरातील स्त्रीची तूट झाकली जाते. अनुशेष मोजणाऱ्या वैधानिक विकास मंडळांची मुदतही २०२० मध्ये संपली. शिवाय स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेणारी स्त्री ही केवळ व्यवस्थेची बळी नव्हे. तिची निर्णयशक्ती नाकारणे हाही एक अन्यायच होय. तरीसुद्धा ‘विलंबा’पेक्षा ‘अनुशेष’ हा शब्द अधिक न्याय्य आहे, कारण त्याला उत्तरदायी असा पक्ष आहे आणि तो भरून काढता येतो.

समारोप

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आरंभलेल्या स्तनकर्करोगविषयक उपक्रमात तीन उद्दिष्टे ठेवली आहेत. किमान ६० टक्के रुग्णांचे निदान पहिल्या दोन अवस्थांत व्हावे, रुग्ण प्रथम आरोग्यसेवेत आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे आणि किमान ८० टक्के रुग्णांचे उपचार पूर्ण व्हावेत. यांतील दुसरे उद्दिष्ट येथे विशेष महत्त्वाचे आहे. १९३८ मध्ये रुग्णाच्या हातावर बांधलेले घड्याळ त्यात आरोग्यव्यवस्थेच्या भिंतीवर लावले गेले आहे.

जिल्ह्यातील महाविद्यालयांतून या विषयावर जे प्रकल्प व प्रबंध होतात, त्यांत स्त्रियांचे ज्ञान व मनोवृत्ती मोजणाऱ्या प्रश्नावल्यांचा भरणा असतो. त्यांची जागा पाच तारखांनी घ्यावी, एवढे या समीक्षेवरून सुचते. गाठ प्रथम जाणवली ती तारीख, ती प्रथम कोणास सांगितली ती तारीख, प्रथम वैद्यकीय सल्ला घेतला ती तारीख, ऊतकतपासणीचा अहवाल मिळाला ती तारीख आणि पहिला उपचार झाला ती तारीख. पहिल्या तीन तारखांमधील अंतर घराविषयी सांगेल, पुढील दोहोंमधील अंतर व्यवस्थेविषयी. हा हिशेब मंठा, भोकरदन किंवा घनसावंगी तालुक्यातील थोड्या रुग्णांबाबत जरी प्रामाणिकपणे मांडला गेला, तरी ‘स्त्रिया उशिरा येतात’ या वाक्याचा कर्ता बदलावा लागेल की नाही, हे तर्काने नव्हे, तर पुराव्याने ठरविता येईल.